बुडबुडा नेमका कुठे जन्मतो?

या वेळी एकाच धड्यावर इतकी पत्रं आली की सगळं सदर मी त्यालाच देते आहे. धडा विद्युत अपघटनाचा, म्हणजे द्रावणातून किंवा वितळलेल्या पदार्थातून वीज सोडून त्यातले घटक वेगळे करण्याचा. एकतीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी या धड्याची वाट पाहिली. पत्रं जागेसाठी थोडी आखूड केली आहेत, प्रश्न मात्र ज्याचे त्याच्याच शब्दांत आहेत.

प्रश्न : शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून त्यात थोडं सल्फ्युरिक आम्ल घालतात. मग वीज वाहते आम्लामुळे, तर फुटतं पाणी कसं? आणि आम्ल संपत का नाही? (इयत्ता दहावी)

तुझ्या प्रश्नातला ‘फुटतं’ हा शब्द आधी बाजूला काढून ठेवू या. ‘अपघटन’ म्हटलं की वाटतं, वीज पाण्यात घुसली, रेणूवर आदळली आणि तिने त्याचे तुकडे केले. ही समजूत तुझी एकट्याची नाही. ‘आयन’ (विद्युतभार असलेला अणू किंवा अणूंचा गट) हा शब्द ज्याने रूढ केला त्या मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञालाही वाटायचं की विजेमुळेच आयन तयार होतात. १८८४ साली स्वीडनच्या स्वान्टे अऱ्हेनियस या तरुणाने आपल्या प्रबंधात वेगळं चित्र मांडायला सुरुवात केली: आयन द्रावणात आधीपासूनच सुटे असतात, बॅटरी जोडा अगर जोडू नका. परीक्षकांना ते पटलं नाही, प्रबंधाला खालची श्रेणी मिळाली. १९०३ मध्ये याच विचारासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळालं.

हे खरं आहे, याचा पुरावा तू स्वतः पाहिला आहेस, फक्त त्याकडे त्या नजरेने पाहिलं नसशील. बटण दाबलं की बुडबुडे लगेच येतात ना? आता आयनांचा वेग बघ. दर सेंटिमीटरला एक व्होल्ट एवढा फरक ठेवला, तर साधारण आयन तासाला दोन सेंटिमीटरच्या आसपास सरकतो. गोगलगायसुद्धा त्याला मागे टाकेल. बॅटरीला जोडून द्रावणात बुडवलेल्या एका कांडीजवळचा आयन दुसऱ्या कांडीपर्यंत पोचायचा आणि मग बुडबुडा यायचा असं असतं, तर तुमचा तास संपला असता आणि चंचुपात्र तसंच शांत राहिलं असतं. बुडबुडा लगेच येतो, कारण कांडीला चिकटून आयन आणि पाण्याचे रेणू आधीच हजर असतात. जे घडतं ते त्या पृष्ठभागावर. मधल्या पाण्यात काहीही फुटत नाही.

आता आम्ल. पाण्याचे सुमारे ५५ कोटी रेणू मोजले तर त्यातला एखादाच हायड्रोजन आयन सोडून बसलेला सापडतो. एवढ्या मोजक्या आयनांवर विजेची वाहतूक चालत नाही. आम्ल घातलं की वाहतुकीला माणसं मिळतात: हायड्रोजन आयन आणि सल्फेट आयन. हायड्रोजन आयन ऋण टोकाकडे जातात, तिथे इलेक्ट्रॉन घेतात, जोडीजोडीने हायड्रोजन वायू होतात. सल्फेट आयन धन टोकाकडे जातात खरे, पण आपला इलेक्ट्रॉन सोडायला ते तयार नसतात. तिथेच उभा असलेला पाण्याचा रेणू तो सोडतो. पाण्याच्या दोन रेणूंनी मिळून चार इलेक्ट्रॉन दिले की ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो आणि चार हायड्रोजन आयन द्रावणात उतरतात. पलीकडच्या टोकाला तेवढ्याच वेळात चार हायड्रोजन आयन खर्च झालेले असतात. चार गेले, चार आले. आम्ल होतं तेवढंच राहतं, कमी होतं ते पाणी. बराच वेळ प्रयोग चालू ठेवलास तर आम्ल किंचित तीव्रच होईल.

हा हिशोब डोळ्यांनी बघायचा असेल तर शिक्षकांना विनंती कर. आम्लाऐवजी सोडियम सल्फेटचं द्रावण घ्यायचं आणि त्यात ब्रोमोथायमॉल ब्लू या दर्शकाचे थेंब टाकून द्रावण हिरवं करायचं. वीज सुरू केली की धन टोकाभोवती पिवळा ढग उठतो, म्हणजे तिथे आम्ल तयार होतंय. ऋण टोकाभोवती निळा, म्हणजे तिथे आम्लारी. वीज बंद करून सगळं ढवळलं की पुन्हा हिरवं. हा प्रयोग मी किती वेळा केला याची मोजदाद नाही, पण ढवळल्यावर परत हिरवं होताना वर्ग जो शांत होतो ती शांतता मला प्रत्येक वेळी हवी असायची.

प्रश्न : मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. ॲनोड म्हणजे धनाग्र आणि कॅथोड म्हणजे ऋणाग्र असं मुलं पाठ करतात. पण कोरड्या विद्युत घटात जस्ताचं भांडं ऋण असूनही त्याला ॲनोड म्हणतात. मुलांना काय सांगावं? (एक शिक्षक)

सर, तुम्ही माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. माझं म्हणणं तुम्हाला कदाचित टोकाचं वाटेल, तरी सांगते: या धड्यातला निम्मा गोंधळ ‘धनाग्र’ आणि ‘ऋणाग्र’ या दोन शब्दांनी केला आहे. शब्द घडवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण त्यांनी धन-ऋणाची खूण शब्दाच्या पोटात घातली आणि मूळ शब्दांत ती नव्हतीच.

१८३४ साली फॅरेडेने ॲनोड आणि कॅथोड हे शब्द छापले तेव्हा त्याला नेमकं हेच टाळायचं होतं. वीज म्हणजे काय, ती कुठून कुठे वाहते, हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हतं. उद्या समजूत बदलली तरी बदलावे लागणार नाहीत असे शब्द त्याला हवे होते. त्याने विल्यम ह्युएल या विद्वानाला गाठलं आणि दोघांच्या पत्रव्यवहारातून ग्रीक शब्द ठरले. ॲनोड म्हणजे वर जाणारी वाट, कॅथोड म्हणजे खाली उतरणारी वाट. मनात चित्र सूर्याचं होतं: प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो असं मानलं, तर ज्या बाजूने सूर्य चढतो तो ॲनोड, ज्या बाजूला उतरतो तो कॅथोड. यात धन-ऋण कुठेही नाही. ‘आयन’ म्हणजे जाणारा, चालणारा. आपल्या उत्तरायण-दक्षिणायनातलं ‘अयन’ही जाण्याच्याच अर्थाच्या धातूवरून आलं आहे आणि ग्रीक व संस्कृत धातू एकमेकांचे सख्खे नातलग आहेत. हे वर्गात सांगितलं तर मुलांना आयन परका वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

मग व्याख्या कशावर बांधायची? घडणाऱ्या क्रियेवर. जिथे इलेक्ट्रॉन सोडले जातात, म्हणजे ऑक्सिडीकरण होतं, तो ॲनोड. जिथे इलेक्ट्रॉन घेतले जातात, म्हणजे क्षपण होतं, तो कॅथोड. हे विद्युत अपघटनातही खरं आणि विद्युत घटातही खरं. लक्षात ठेवायला मराठीत फार सोपं आहे: ॲनोड आणि ऑक्सिडीकरण दोन्ही स्वराने सुरू होतात, कॅथोड आणि क्षपण दोन्हींत पहिला ‘क्’ आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने ‘क्ष’ची फोड करून मला हे दाखवलं आणि त्यानंतर मी ते प्रत्येक वर्गाला शिकवलं.

खूण बदलते ती ढकलणारा कोण यावरून. अपघटनात बाहेरची बॅटरी ॲनोडकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते, म्हणून तो धन. कोरड्या घटात जस्त स्वतःहून इलेक्ट्रॉन सोडतं, ते तिथे साठतात, म्हणून तोच ॲनोड ऋण. पुन्हा भारित होणारी बॅटरी तर उत्तम उदाहरण आहे. ती वापरताना जी पट्टी ॲनोड असते तीच चार्जिंगला लावल्यावर कॅथोड होते, आणि तिच्यावर छापलेली खूण मात्र जागची हलत नाही. परीक्षेत पुस्तकातला शब्द लिहावा लागतो, तो लिहू द्या. पण फळ्यावर आधी क्रिया लिहा, मग ॲनोड-कॅथोड आणि खूण अगदी शेवटी.

प्रश्न : मी घरी मिठाच्या पाण्यात दोन लोखंडी खिळे बुडवून ९ व्होल्टची बॅटरी जोडली. एका खिळ्यावर खूप बुडबुडे आले, दुसऱ्यावर जवळजवळ नाहीच. पाणी आधी हिरवट आणि मग तपकिरी झालं. ऑक्सिजन कुठे गेला? (इयत्ता आठवी)

ऑक्सिजन गेला नाही, तो आलाच नाही. पाण्याच्या रेणूपेक्षा लोखंड सहज इलेक्ट्रॉन सोडतं. तुझा धन टोकाचा खिळाच इलेक्ट्रॉन देऊन आयन होत पाण्यात उतरत होता. दुसऱ्या टोकाला हायड्रोजन सुटताना मागे हायड्रॉक्साइड आयन राहत होते. दोघे भेटले, हिरवट गाळ झाला, हवेतल्या ऑक्सिजनने त्याला तपकिरी केलं. तो खिळा धुऊन, पुसून दुसऱ्याशेजारी ठेव, झिजलेला दिसेल. तू जे पाहिलंस ते अगदी बरोबर टिपलंस, बुडबुडे नाहीत हीसुद्धा नोंद केलीस, याचं मला फार कौतुक वाटलं.

आता माझं कळकळीचं सांगणं. खिळ्यांऐवजी चमचे वापरू नकोस. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं आणि ते विरघळून विषारी संयुगं होऊ शकतात. आणि कार्बनच्या कांड्या घेतल्यास तर मीठ वापरू नकोस. त्यामागे माझी एक गोष्ट आहे.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. प्रयोगशाळेत आम्लाची बाटली रिकामी निघाली. पाण्यातून वीज जाण्याशी कारण, असं म्हणून मी दोन उभ्या नळ्यांच्या उपकरणात मिठाचं दाट द्रावण भरलं. कांड्या कार्बनच्या होत्या. एका नळीत हायड्रोजन नीट जमला, पेटती काडी नेल्यावर ‘फट्’ असा आवाज झाला. दुसऱ्या नळीत वायू फारच थोडा. ‘आता बघा, निखाऱ्याची काडी भडकेल,’ असं सांगून मी काडी नेली आणि ती विझली. नाकाला उग्र, बोचरा वास आला. वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, ‘काडी ओली होती.’

तास संपल्यावर मी एकटीने निळा लिटमस ओला करून त्या नळीच्या तोंडाशी धरला. तो आधी लाल झाला आणि मग पांढरा पडला. क्लोरीन! दाट मिठाच्या द्रावणात पाण्याआधी क्लोराइड आयन इलेक्ट्रॉन सोडतात. क्लोरीन पाण्यात बराच विरघळतो, म्हणून नळीत कमी जमला होता. त्या बंद खोलीत चाळीस मुलं होती, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी सांगितलं की काडी कोरडीच होती आणि मी खोटं बोलले होते. मग खिडक्या उघडून, अगदी थोडं द्रावण घेऊन, तोच प्रयोग लिटमससकट पुन्हा केला.

म्हणून घरी करायचं असेल तर मिठाऐवजी धुण्याचा सोडा घे, कांड्या पेन्सिलच्या ग्रॅफाइटच्या घे, बॅटरी ९ व्होल्टचीच ठेव, खोली हवेशीर असू दे आणि मोठं माणूस शेजारी असू दे. जमलेल्या वायूजवळ घरी काडी नेऊ नकोस. आणि भिंतीतल्या विजेच्या जवळपासही या प्रयोगाने फिरकायचं नाही. त्यात अपवाद नाही.

प्रश्न : घन मिठात आयनच असतात, तर त्यातून वीज का वाहत नाही? (इयत्ता नववी)

असतात, पण जागेला बांधलेले. स्फटिकात प्रत्येक आयन शेजाऱ्यांनी घट्ट धरलेला असतो. पाण्यात विरघळलं किंवा ८०१ अंश सेल्सिअसला वितळलं की ते हलू लागतात. वितळवून केलेल्या अपघटनात पाणी मध्ये नसतं, म्हणून सोडियम आयनलाच इलेक्ट्रॉन घ्यावा लागतो आणि सोडियम धातू मिळतो. हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये पोटॅशमधून पोटॅशियम आणि काही दिवसांतच सोडियम मिळवलं ते याच वाटेने. पोटॅशमधून पाऱ्यासारखे चकचकीत थेंब बाहेर येऊन पेट घेताना त्याने पाहिले.

प्रश्न : मोरचुदाच्या द्रावणाचा निळा रंग अपघटनात फिका होतो की नाही? दोन पुस्तकांत दोन उत्तरं आहेत. (एक पालक)

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. दोन्ही उत्तरं बरोबर असणार. कांड्या कशाच्या आहेत ते वाचा. तांब्याच्या असतील तर एका बाजूने जेवढं तांबं विरघळतं तेवढंच दुसरीवर चढतं, रंग कायम राहतो. कार्बनच्या असतील तर तांबं फक्त चढतं, ॲनोडवर ऑक्सिजन सुटतो, रंग फिका होत जातो आणि द्रावण आम्लधर्मी होतं. तांब्याचं शुद्धीकरण पहिल्या पद्धतीने चालतं: अशुद्ध तांब्याचा ॲनोड, शुद्ध तांब्याचा पातळ पत्रा कॅथोड. मिळणारं तांबं ९९.९९ टक्क्यांपर्यंत शुद्ध असतं आणि ॲनोडखालच्या गाळात चांदी-सोनं सापडतं.

प्रश्न : आमच्या गटाला हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं प्रमाण २:१ आलं नाही. ऑक्सिजन फारच कमी आला. बाईंनी वहीत २:१ लिहायला सांगितलं. आमचं काय चुकलं? (इयत्ता दहावी, चार विद्यार्थिनी)

मुलींनो, तुमचं काहीही चुकलेलं नाही. वहीत जे आलं तेच लिहा आणि त्याखाली कारण लिहा. बाईंना माझं हे उत्तर दाखवा, त्या रागावणार नाहीत.

सिद्धान्ताने किती वायू यायला हवा ते आधी काढू. समजा अर्धा अँपिअर प्रवाह अर्धा तास वाहिला. अर्धा गुणिले १८०० सेकंद, म्हणजे ९०० कूलोम प्रभार. एक मोल (कण मोजण्याचं रसायनशास्त्रातलं एकक) इलेक्ट्रॉनांचा प्रभार सुमारे ९६,५०० कूलोम, म्हणजे तुमच्या तारेतून ०.००९३ मोल इलेक्ट्रॉन गेले. हायड्रोजनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात, ऑक्सिजनच्या एका रेणूमागे चार सुटतात. खोलीच्या तापमानाला एक मोल वायू साधारण २४ लिटर जागा व्यापतो, तेव्हा हायड्रोजन ११२ मिलिलिटर आणि ऑक्सिजन ५६ मिलिलिटर यायला हवा. २:१ हे प्रमाण येतं ते या दोन आणि चारमधून. हाच प्रभार तांब्याच्या द्रावणातून गेला असता तर कॅथोडवर जवळजवळ ०.३ ग्रॅम तांबं चढलं असतं. इलेक्ट्रॉन मोजता आले की पदार्थ मोजता येतो, आणि फॅरेडेला हे कळलं तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता!

मग तुमचा ऑक्सिजन कुठे अडकला? थोडा पाण्यात विरघळला. ऑक्सिजन पाण्यात हायड्रोजनपेक्षा जास्त विरघळतो आणि मुळात निम्माच असल्याने ती तूट ठळक दिसते. यावर उपाय सोपा आहे: नळ्यांचे तोंड उघडं ठेवून काही वेळ वीज चालू ठेवा, द्रावण वायूने तृप्त झालं की नळ्या पुन्हा भरून मग मोजायला सुरुवात करा. पण ‘फारच कमी’ असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे मला दाट शंका आहे की कांड्या कार्बनच्या असाव्यात. सुटणारा ऑक्सिजन कार्बनला धरतो, कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो तर पाण्यात ऑक्सिजनपेक्षा कितीतरी जास्त विरघळतो. धन टोकाची कांडी खडबडीत झाली आहे का, चंचुपात्राच्या तळाशी काळी भुकटी आहे का, ते पाहा. प्लॅटिनमच्या पट्ट्यांनी प्रमाण २:१ च्या खूप जवळ येतं.

प्रश्न : ॲल्युमिनियम त्याच्या क्षाराच्या द्रावणातून का मिळवत नाहीत? एवढी मोठी भट्टी कशाला? (इयत्ता अकरावी)

पाण्यामुळे. ॲल्युमिनियम आयनच्या आधी पाणीच इलेक्ट्रॉन घेतं आणि हाती हायड्रोजन येतो. म्हणून पाण्याशिवाय करावं लागतं. पण ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, वितळतं २००० अंशांच्याही वर. अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघा तरुणांनी १८८६ मध्ये, एकमेकांना न ओळखता, एकच तोड काढली: ॲल्युमिना वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात विरघळवायचं. मग सुमारे ९५० अंशांवर काम भागतं. दोघांचा जन्म १८६३चा, मृत्यू १९१४चा. हा निव्वळ योगायोग आहे, पण विसरता येत नाही.

विजेचा खर्च का मोठा, तेही वरच्याच हिशोबाने कळेल. ॲल्युमिनियमच्या प्रत्येक आयनला तीन इलेक्ट्रॉन लागतात आणि त्याचा अणू हलका आहे. एक ग्रॅम तांब्याला सुमारे ३,०४० कूलोम लागतात, एक ग्रॅम ॲल्युमिनियमला सुमारे १०,७००. भट्टीतला ॲनोड कार्बनचा असतो. सुटणारा ऑक्सिजन त्यालाच खातो, कार्बन डायऑक्साइड निघतो, ठोकळा झिजत जातो आणि ठरावीक दिवसांनी बदलावा लागतो. वरच्या चौघींच्या चंचुपात्रातली काळी भुकटी आणि हा झिजलेला ठोकळा यांच्यामागची क्रिया एकच आहे.